कृपा, क्षमा आणि पुन्हा सुरुवात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की चर्चच्या ओट्यावर चहा असतो. खरे प्रश्न तिथे येतात, तेही कप अर्धा झाल्यावर आणि आवाज खाली आणून. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले ते इथे मांडले आहेत. उत्तरं देणारा पाळक नाही. मंडळीतला एक साधा सभासद आहे, गुरुवारी घरी प्रार्थनासभा घेणारा.

कृपा म्हणजे नेमकं काय? दया आणि कृपा एकच ना?

शेजारशेजारचे शब्द आहेत, पण एकच नाहीत. शिक्षा व्हायला हवी होती आणि झाली नाही, ही दया. ज्यावर आपला काडीचा हक्क नव्हता ते पदरात पडलं, ही कृपा. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, यासाठी ‘खारिस’ असा ग्रीक शब्द आहे आणि ‘देणगी’साठीचा शब्द त्याच धातूतून आला आहे. म्हणजे कृपा हा पगार नव्हे आणि बक्षीसही नव्हे. बक्षिसासाठी निदान शर्यत तरी धावावी लागते.

मला ही गोष्ट वडिलांच्या दुकानात कळली. तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची उधारीची वही. बाजार समितीतल्या एका हमालाचा हात मोडला आणि त्याची उधारी साठत अकराशे चाळीस रुपयांवर गेली. मग तो मागच्या बोळातून ये-जा करायला लागला, दुकानासमोरून जायला नको म्हणून. एका संध्याकाळी वडिलांनी त्याचं पान काढलं, एक तिरकी रेघ ओढली आणि नोकराकरवी त्याला निरोप धाडला. त्या महिन्यात आमच्या घरी गोडेतेल मोजून वापरलं गेलं, हे मला आईच्या पळीवरून आठवतं.

रेघ ओढली म्हणून अकराशे चाळीस रुपये हवेत विरले नाहीत, ते आमच्या घरावर आले. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडे बघून जे म्हणतो ते एवढंच आहे : माफ करणाऱ्याने ती रक्कम स्वतःच्या अंगावर घेतली. आणि तो हमाल दुसऱ्या दिवसापासून समोरच्या रस्त्याने यायला लागला. माझ्या मते कृपेची खरी खूण ही आहे. वही कोरी होणं हा तिचा अर्धाच भाग झाला.

मी जे केलंय ते तुम्हाला माहीत नाही. माझ्यासारख्याला खरंच जागा आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा दाराजवळ उभा असतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय सावकाश वाचा. उधळ्या मुलाचा दाखला आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातली एक बारीक जागा निसटून जाते. बापाकडून मिळालेला वाटा उडवून, डुकरं राखत, त्यांच्या शेंगांवर डोळा ठेवण्याची पाळी आल्यावर मुलगा घरी निघतो. वाटेत काय बोलायचं ते त्याने पाठ करून ठेवलंय. तीन वाक्यं आहेत : मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा.

आता प्रत्यक्ष भेटीत तो काय बोलतो ते बघा. पहिली दोन वाक्यं होतात. तिसरं बाहेरच पडत नाही, कारण बाप मध्येच नोकरांना हाका मारायला लागतो : झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला. मोलकरी होण्याचा अर्ज बाप ऐकूनच घेत नाही.

आणि त्याआधी तो बाप धावलाय. त्या काळचा घरंदाज म्हातारा, लांब अंगरखा सावरत, गावासमोर धावतोय. आपल्याकडच्या एखाद्या पाटलाने धोतराचा सोगा धरून एसटी स्टँडपर्यंत धाव घेतली तर गाव काय म्हणेल याची कल्पना करा. मुलगा ‘अजून दूर आहे तोच’ बापाने त्याला पाहिलं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे नजर रस्त्यावरच होती.

तेव्हा तुम्ही काय केलंय हे मला माहीत नाही, हे खरं. पण तुमच्या डोक्यात जे तिसरं वाक्य तयार आहे ना, ‘मला मागच्या बाकावर बसू द्या, बाकी काही नको’, ते बोलायची वेळच येणार नाही अशी तयारी ठेवा.

आम्ही जन्मापासून चर्चला जातोय. काल आलेल्याला लगेच सगळं मिळतं, हे बरोबर आहे का?

हाही प्रश्न येतो, जरा घुश्शात. ‘आमच्या आजोबांनी या चर्चच्या भिंतीला दगड वाहिलेत.’

त्याच दाखल्यात थोरला भाऊ आहे. शेतावरून घरी येतो, वाजंत्री ऐकतो आणि बाहेरच थांबतो. त्याचंही म्हणणं खोटं नाही. राबला तोच होता. पण बोलताना तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. शेवटी तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. गोष्ट अंगणातच सोडून दिली आहे, आणि ती तशी मुद्दाम सोडली असणार असं मला वाटतं.

सगळं फुकटच मिळणार असेल तर माणूस मोकाट सुटेल. वागण्याला धरबंध काय उरला?

येशूचा प्रेषित पौल, नव्या करारातली बरीच पत्रं त्याची. त्यालाही लोकांनी हेच विचारलं होतं : कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, मुळीच नाही.

पण मला पौलाच्या युक्तिवादापेक्षा जक्कयाची गोष्ट जास्त पटते. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, पैसेवाला आणि गावाला नकोसा. येशूला बघायला तो झाडावर चढला. आपल्या मराठी बायबलात ते उंबराचं झाड आहे आणि भाषांतर चपखल आहे, कारण तिकडचं ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं. येशू खाली थांबून म्हणतो, लवकर उतर, आज तुझ्या घरी मुक्काम आहे. आधी चोरलेलं परत कर, मग येतो, असं नाही म्हणत. आणि नंतर जक्कय आपणहून उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

क्रम बघा. आधी पाहुणा घरात आला, मग हिशेब सुधारला. आपण आयुष्यभर हा क्रम उलटा लावत असतो. ज्याच्याकडे काहीच परत करायची इच्छा जागी होत नाही, त्याने कृपा घेतली की नुसती ऐकली, ही शंका मात्र रास्त आहे.

विश्वास ठेवला की माणूस एका रात्रीत बदलतो का?

काही जण बदलतात. बहुतेक जण नाही. जॉन न्यूटनचं नाव इंग्रजी उपासनेला जाणाऱ्यांना ठाऊक असेल, ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता. 1748 साली समुद्रातल्या वादळात तो देवाला शरण गेला ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यानंतरही तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला, कप्तान झाला आणि 1754 साली प्रकृती बिघडली तेव्हा दर्यावरून उतरला. तेव्हाही कारण प्रकृती होतं, सदसद्विवेक नव्हे. ते गीत 1773 च्या पहिल्या दिवशीच्या उपासनेसाठी लिहिलं गेलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते 1788 साली. वादळाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

हे न्यूटनची लाज काढण्यासाठी सांगत नाही. त्या चाळीस वर्षांत जहाजाच्या तळाशी साखळदंडात असलेल्यांनी काय भोगलं हेही विसरता येत नाही. पण दारू सोडून सहा महिन्यांत पुन्हा पेल्याला हात लागला म्हणून ‘माझ्यात कृपा नाहीच’ असं म्हणणाऱ्याला मी ही तारखांची यादी वाचून दाखवतो. आणि सोबत व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ताही देतो. प्रार्थना आणि उपचार यांचं भांडण नाही.

केलेलं कर्म भोगावं लागतंच ना? मग क्षमा मिळून काय फरक पडतो?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं वचन मिळालं. पण त्याला खाली कोणी उतरवलं नाही. परिणाम आणि धिक्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाची तारीख, मोडलेला संसार, बिघडलेलं यकृत, हे क्षमेने पुसलं जाईलच असं नाही. ‘देवाने मला टाकलंय’ हे मात्र पुसलं जातं, आणि ते पुसलं गेलं की तारखेला उभं राहण्याचं बळ वेगळं येतं.

नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात, ‘सत्तर वेळा सात क्षमा कर, घर सोडू नको.’ कृपेचा अर्थ हाच का?

नाही. इथे उत्तर गुळमुळीत द्यायचं कारण नाही.

‘सत्तर वेळा सात’ हे येशूचेच शब्द आहेत, पण क्षमा करणं म्हणजे मनातला सूड सोडणं. तिला वेळ लागतो आणि ती कोणी दम देऊन काढून घेऊ शकत नाही. समेटाला दोन माणसं लागतात, त्यातल्या एकाने खरोखर बदलावं लागतं. आणि विश्वास पुन्हा बसणं तर वर्षांचं काम आहे. या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरून बाईच्या डोक्यावर देणं हा वचनाचा गैरवापर आहे. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. जो पाळक तुम्हाला माराकडे परत पाठवतो, त्याचं ऐकू नका.

बाप्तिस्मा झाला, दर रविवारी जातो, पण आत काहीच हलत नाही. माझं काय चुकतंय?

पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या आयुष्यातला हा तुकडा सहसा सांगितला जात नाही.

दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी देशभर फिरून पुराणं सांगितली. 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, नवराही. पदरी लहानगी मनोरमा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथे आपलं काम बघायला पाठवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेतलं जाई, प्रेमाने वागवलं जाई. रमाबाई चक्रावल्या. अशा बायकांशी असं कोणी वागू शकतं, हे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना टाळत त्या समाजातल्या, बाईची गोष्ट वाचून दाखवली. भरदुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि तरीही त्यांचं मन निवलं नाही! ज्यांनी त्यांना विश्वासाची वाट दाखवली त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे 1907 साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी सरळ कबूल केलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्यांना वाटलं ते बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. तोवर मुंबईत त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू होऊन ते पुण्याला हललंही होतं.

म्हणजे पंडिता ही पदवी मिळालेल्या, संस्कृत जिभेवर असलेल्या बाईला आठ वर्षं लागली. तुमचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. प्रश्न विचारत राहा. वाद घालायचा असेल तर घाला, रमाबाईंनी घातलाच.

पुढचंही सांगतो, कारण गोष्ट तिथे संपत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणल्या. तिथे विहिरी, शेती, छापखाना, शाळा सगळं होतं. आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक वेगळं घर होतं, त्याचं नाव कृपा सदन. फुलमला पाहिलेलं दृश्य केडगावच्या माळरानावर विटामातीचं झालं. कृपा या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही.

आमच्या संतांनीही देवाची कृपाच गायली आहे. मग वेगळं काय?

‘कृपा’ हा शब्दच आपल्याला संतांच्या मराठीतून मिळाला आहे, हे आधी मान्य करू. रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला होता. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. मराठी चर्चमध्ये टाळ, पेटी आणि कीर्तन आलं ते बरंचसं टिळकांमुळे. लक्ष्मीबाईंना मात्र नवऱ्याचा हा निर्णय वर्षानुवर्षं सोसला नाही. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला आल्या.

वेगळेपण विचाराल तर ख्रिस्ती विश्वास कृपा एका व्यक्तीत आणि एका घटनेत बघतो : येशूचं मरण आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान. हे पटणं न पटणं तुमच्यावर. कुणाच्या देवाला कमी लेखून कृपा वाढत नाही.

मन इतकं खचलंय की प्रार्थनाही होत नाही. विश्वास कमी पडतोय का?

एलिया संदेष्टा एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला होता, तेही मोठा विजय मिळवल्यानंतर. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूत आला, त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं समोर ठेवलं. एलियाने खाल्लं आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं, आणि नंतर पुन्हा उठवून जेवायला घातलं.

तेव्हा आधी जेवा, झोपा, आणि डॉक्टरांकडे जा. डिप्रेशनच्या गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. मधुमेहाच्या गोळीला आपण असं म्हणतो का? जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

एका सभेत अभिषेकाचं तेल आणि रुमाल विकत देत होते. घेतल्याने कृपा लवकर मिळते का?

नाही. शिमोन नावाच्या जादूगाराने प्रेषितांना पैसे देऊन हेच विकत मागितलं होतं आणि येशूचा शिष्य पेत्र याने ‘तुझ्या पैशांसकट तुझा नाश होवो’ म्हणून त्याला फटकारलं. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठ. पुढचा प्रश्न.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दोघांची कृपा वेगळी आहे का?

चारशे-पाचशे वर्षं यावर रक्त आटवून झालं आहे. थोडक्यात, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरचं म्हणणं होतं की माणूस फक्त विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. कॅथलिक शिकवणीचा भर असा की कृपा माणसाला आतून बदलते आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींतून त्याच्यापर्यंत येते. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : आपल्या कमाईने नव्हे, कृपेनेच तारण होतं, यावर दोघांचं एकमत. नंतर मेथडिस्टही त्यात आले. मतभेद संपले नाहीत, पण एकमेकांना शाप देण्याचं कारण उरलं नाही.

व्यवहारात फरक दिसतो तो असा. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातला माणूस मन जड झालं की फादरकडे पापनिवेदनाला जाईल; गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. नगर-सोलापूरकडचा प्रॉटेस्टंट थेट देवाजवळ कबुली देईल, फार तर पाळकाशी बोलेल. मी स्वतः प्रॉटेस्टंट आहे, तरी एक गोष्ट कबूल करतो : ‘तुला क्षमा झाली आहे’ हे दुसऱ्या माणसाच्या तोंडून, आपल्या कानांनी ऐकण्यात काहीतरी आहे. आमच्याकडे ते कमी पडतं.

एकदा विश्वासात येऊन मी मोठ्याने पडलो. सगळ्या मंडळीला माहीत आहे. परत कोणत्या तोंडाने जाऊ?

पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते एका अंगणात, कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना. योहानाने विस्तवासाठी जो ग्रीक शब्द तिथे वापरलाय तो सबंध नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो. पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी, पहाटे. रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातांनी आलेले शिष्य किनाऱ्याला लागतात तर येशूने कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासे ठेवलेले.

तोच वास, तोच धूर. पेत्राला काय वाटलं असेल! पण येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर तीनदा एकच प्रश्न : माझ्यावर प्रेम करतोस का? जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी पेत्राच्या हाती काम दिलं, माझी मेंढरं राख. त्या अंगणाचा एका शब्दाने उल्लेख नाही.

मंडळी येशूइतकी मोठ्या मनाची असेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणीतरी कुजबुजेल. कुणीतरी बाक बदलेल. पण एखादं माणूस जागा करून देईल, त्याच्या शेजारी बसा.

पहिल्यांदाच यायचं आहे. काय करावं लागतं?

काही नाही. नाव लिहून घेणारं कुणी दारात उभं नसतं. काही चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, काही ठिकाणी नाही. पुढच्या माणसाकडे बघा. गीतं उभ्याने म्हणतात, चाल येत नसेल तर नुसतं उभं राहा. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस फिरतो किंवा लोक पुढे जातात. बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून राहिलात तरी कुणी काही मनावर घेत नाही. दानाची थैली आली तर पुढे सरकवा.

घरी वाचायचं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की लोक थकतात. लूक 15, योहान 4 आणि 21, मग स्तोत्र 51 आणि 103. भाषा जड वाटली तर थांबून पुन्हा वाचा. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं भाषांतर केलं, आणि 1922 साली त्या गेल्या त्याच्या थोडं आधी ते हातावेगळं केलं.

आणि ओट्यावरचा चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. साखर जरा जास्त असते.